चौथा गडी येईपर्यंत

आमच्या घरमालकीण बाईंना आमचा खेळ कधीच आवडला नाही. त्यांना आवडायचं ते खेळ सुरू होण्याआधीचं ताटकळणं. चारही गडी जमेपर्यंत त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या, आणि चौथा आला, खेळ सुरू झाला, की "चला, तास संपला," म्हणून उठायच्या. पुढे कोण जिंकलं, कोण मेलं, हे त्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

खेळ म्हणजे नेहमीचाच. एका ओसाड बेटावर पॅराशूटनं उतरायचं आणि समोर येईल त्याला गोळ्या घालायच्या. मी कोलकात्यात, मंदार पुण्यात, अभ्या बेंगळुरूला आणि पक्या नाशिकला. कॉलेजात एका खोलीत राहिलेले आम्ही चौघं नोकऱ्यांपायी चार गावी गेलो आणि भेटायला हे बेट तेवढं उरलं. शनिवार-रविवार दुपारी चारची वेळ ठरलेली. चार वाजता मी हजर, सव्वाचारला मंदार, साडेचारला अभ्या. पक्याचं काही सांगता येत नसे. त्याला नुकतं बाळ झालं होतं आणि त्याचा फोन त्या बाळाहून नाजूक होता. तो येईपर्यंत पडद्यावर आमची तीन माणसं डोक्यावर शिरस्त्राणं, पाठीला बंदुका अशा थाटात नुसती पाय बदलत उभी असायची.

"ही माणसं कुणाची वाट बघतायत?" बाईंनी पहिल्यांदा विचारलं ते हेच.

"पक्याची," मी म्हणालो.

"मग उभी का? बसायला सांग त्यांना."

मी त्यांच्याकडे राहायला कसा गेलो ते सांगायला हवं. खिदिरपूरच्या गोदीजवळ एका मालवाहतूक कंपनीला आमच्या ऑफिसनं सॉफ्टवेअर विकलं होतं, आणि ते बंद पडलं की समोर बसून बोलणी खायला तिथे एक माणूस लागत होता. तो मी. जवळ पडेल म्हणून बेहाला भागात खोली शोधत होतो, तेव्हा मराठी मंडळाच्या फलकावर हातानं लिहिलेली चिठ्ठी दिसली. 'वरची खोली देणे आहे. मराठी बोलणाऱ्यास प्राधान्य.' मराठी माणसास असं नव्हतं लिहिलेलं, बोलणाऱ्यास असं होतं. तेव्हा मी ते नीट वाचलंच नाही.

बाईंनी माझं गाव, पगार, लग्न, यांतलं काही विचारलं नाही. समोर बसवलं आणि म्हणाल्या, पाच मिनिटं बोला. मी विचारलं, कशावर? तर म्हणाल्या, कशावरही, मला फक्त ऐकायचंय. मी आपला बेहालाची गर्दी, नवी मेट्रो, रिक्षावाल्यांचे नखरे असं जे सुचेल ते बोलत सुटलो. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. माझं संपल्यावरही त्यांनी जरा वेळानं डोळे उघडले आणि सांगितलं की खोली तुमची, पण या घरात माझ्याशी हिंदी बोलायचं नाही. मग उठता उठता विचारलं, "पाणी खाणार का?"

मला वाटलं, म्हातारपणी जीभ घसरली.

घसरली नव्हती. बंगालीत पाणी खातात, चहा खातात, सिगरेटही खातात. बाईंचा जन्म कोलकात्यातला, शिक्षण तिथलं, आणि चौतीस वर्षं एका मुलींच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला तोही बंगालीतून. गल्लीत सगळे त्यांना दीदीमणी म्हणायचे. मराठी ही त्यांच्याकडे फक्त आईची म्हणून आलेली. वडील लवकर गेले, भाऊ कॅनडाला गेला, बाईंनी लग्न केलं नाही. मायलेकी दोघीच त्या घरात मराठी बोलत राहिल्या, आणि आई गेल्यानंतरची आठ वर्षं कुणीच नाही. मी विचारलं, एकट्या असताना काय करायचात? तर म्हणाल्या, "हिशेबानं विचार करायचे. सकाळी मराठीत, दुपारनंतर बंगालीत. विचार मोडता कामा नये ना."

अशा जपून ठेवलेल्या मराठीचा त्यांना भारी अभिमान. तिथे वाढलेली मराठी पोरं लिंगात घसरतात, कारण बंगालीत ती भानगडच नाही. मंडळाच्या गणपतीत एखादं पोर 'माझा आई' म्हणालं की बाईंचा चेहरा भातात खडा लागल्यासारखा व्हायचा. त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात लिंग, वचन, विभक्ती सगळं चोख. फक्त प्यायचं ते सगळं त्या खायच्या, आणि आपण असं बोलतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

वायफाय त्यांच्या जेवणाच्या खोलीबाहेर पोचायचं नाही. म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या टेबलाशी बसायला लागलो. सुरुवातीला कानाला हेडफोन असायचा. एके दिवशी तो मोडला आणि मंदारचा आवाज खोलीभर झाला. "अरे त्या पक्याला फोन लाव कुणीतरी," एवढंच तो म्हणाला होता. बाई आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, आणखी कोण आहे, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं, हात धुऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. नवा हेडफोन आणायचा नाही, असंही मला सांगून टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी शाळेतलं जुनं हजेरीपुस्तक काढलं. त्यात आमची चौघांची नावं लिहिली, खरी नावं, आडनावासकट. शेवटच्या रकान्यात उशिराचं कारण. पक्याच्या समोर कधी 'बाळ', कधी 'बाळाची आई', आणि निम्म्या वेळा 'अपडेट'. हा अपडेट म्हणजे काय ते मी दोनदा समजावलं, पण बाईंना ते पोटदुखीसारखं न दाखवता येणारं कारण वाटायचं. भिंतीवर नकाशा होताच, त्यात पुणे, नाशिक, बेंगळुरू अशा टाचण्या टोचल्या गेल्या. हजेरी झाली की प्रत्येकानं आपल्या गावचं आभाळ सांगायचं. मग त्या काही विचारायच्या. गोदावरी नाशकात कुठल्या अंगानं शिरते? पक्या नाशिकचाच, तरी त्याला ते बायकोला विचारून सांगावं लागलं.

त्या बदल्यात आम्ही त्यांना शब्द दिले. बाईंच्या मराठीत 'भारी' म्हणजे जड किंवा महाग, एवढंच. राडा, झोल, कल्टी, लोड घेणे, हे सगळं त्यांनी वहीत अर्थासकट उतरवून घेतलं आणि वापरायलाही लागल्या. एकदा मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी फोनवर सांगितलेलं मी ऐकलं की यंदा भटजींनी आरतीआधीच कल्टी मारली, हे काही बरं नाही. मग तेच वाक्य त्यांना दोनदा सांगावं लागलं.

हे सगळं आम्हाला मनापासून आवडायचं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगायला मला लाज वाटते.

'खाण्या'वर आम्ही पहिल्या दिवसापासून हसत होतो. ते तिघं माइक बंद करून हसायचे, मी लॅपटॉपमागे तोंड लपवून. मग मुद्दाम विचारायला लागलो. अभ्या साळसूदपणे म्हणायचा, बाई, एवढ्या उकाड्यात तुम्ही काय घेता? बाई सांगायच्या की सकाळी कच्च्या आंब्याचं पन्हं खाते, दुपारी ताक खाते, आणि तुम्ही मुलांनी ते बाटलीतलं थंड खाऊ नये. तिकडे तिघंही लोळायचे. पुढे आम्ही चौघांचा एक ग्रुप केला, नाव ठेवलं 'चहा खाणार का'. त्यात रोज आकडा पडायचा, आज बाईंनी किती वेळा खाल्लं त्याचा. ग्रुप काढला मी. नावही मीच सुचवलं. मंदारनं एकदा म्हटलं होतं की सांगून टाकू या रे त्यांना. मी म्हणालो, कशाला, गंमत जाईल.

एका रविवारी चार्जर आणायला मी वर गेलो. फोन टेबलावर, बाईंच्या हजेरीपुस्तकाशेजारी. खाली आलो तेव्हा पडदा उजळलेला होता आणि अभ्याचा मेसेज सगळ्यांना वाचता येईल असा वर आलेला होता. 'काल अकरा वेळा खाल्लं म्हातारीनं. आज रेकॉर्ड मोडणार.' वर ग्रुपचं नाव.

बाईंनी फोनला हातसुद्धा लावला नव्हता. त्यांनी नेहमीसारखी हजेरी घेतली. मंदार आला, अभ्या आला, पक्याही त्या दिवशी लवकर आला. चौथा माणूस पडद्यावर उभा राहिला तरी बाई उठल्या नाहीत.

"मंदार," त्या म्हणाल्या, "पाणी खातात का पितात?"

मंदार म्हणाला, पितात, बाई.

"आणि चहा?"

"चहा पितात. किंवा घेतात."

बाईंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून विचारलं की हे तुला कधीपासून माहीत आहे. मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून.

"हसलात त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मीही पोरींच्या वह्या वाचून पोट धरून हसलेय. एकीनं गंगा अरबी समुद्राला नेऊन सोडली होती. पण हसून झालं की बरोबर काय ते खाली लाल शाईनं लिहिलं, मगच वही परत दिली. तुम्ही दीड वर्ष माझी वही तशीच परत देत होतात."

एवढं बोलून त्यांनी हजेरीपुस्तक मिटलं. आत जाताना दारात थांबून, आमच्यापैकी कुणाला नव्हे, म्हणाल्या, "आई असंच म्हणायची."

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आपका पार्सल आया है।"

तीन आठवडे त्या माझ्याशी हिंदी बोलल्या. शुद्ध, सभ्य, शाळेच्या पत्रकासारखी हिंदी. दार बंद कर लीजिए, पानी सुबह छह बजे आएगा। ज्या बाईनं मराठी ऐकायला मिळावी म्हणून खोली भाड्यानं दिली होती, ती माझ्याकडून आता तीसुद्धा घेत नव्हती. मी मराठीत बोलायचो, त्या हिंदीत उत्तर द्यायच्या. मला गावाकडून आल्यापासून इतकं परकं कधी वाटलं नव्हतं. आणि त्यांचं काय होत असेल, याचा विचार केला की जेवण जायचं नाही. आम्ही ग्रुप काढून टाकला. खेळही बंदच पडला.

उपाय मंदारनं काढला. चौघांनी हातानं माफीची पत्रं लिहायची. तिघांनी फोटो पाठवले, मी ते बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले, आणि चारही पत्रं बाईंच्या टेबलावर ठेवून ऑफिसला गेलो. पक्यानं माफी मागता मागता वाद घातला होता. मराठीत मार खातात, हवा खातात, पैसे खातात, डोकं खातात, मग पाण्यानंच काय घोडं मारलंय, असं त्यानं लिहिलं होतं.

संध्याकाळी पत्रं माझ्या दाराशी होती. चारही लाल शाईनं तपासलेली. माझ्यात ऱ्हस्वदीर्घाच्या सहा चुका निघाल्या. अभ्याला 'अक्षर सुधारा'. पक्याच्या खाली लिहिलं होतं, 'युक्तिवाद चांगला. पण चूक ती चूक.' आणि सगळ्यांना मिळून शेवटी एक ओळ: 'शनिवारी चार वाजता.'

शनिवारी त्यांनी नियम सांगितला. माझी चूक झाली की तिथल्या तिथे 'चूक' म्हणायचं. मी विचारलं तर 'बरोबर' किंवा 'चूक', एवढंच. भीड धरायची नाही.

आम्ही भीड धरली नाही. उलट, केल्या पापाची फेड म्हणून जरा जास्तच उत्साहानं कामाला लागलो. 'खाल्लं' आलं रे आलं की चौघं एकदम 'चूक' म्हणायचो. मग खाण्याबरोबर बाकीचंही दिसायला लागलं. 'मला झोप पावली' चूक, झोप आली. 'गाडी धरायला गेले' चूक, गाडी पकडायला. पक्या आता वेळेवर यायला लागला, कारण त्याला हे खेळापेक्षा आवडायला लागलं होतं. बाई प्रत्येक चूक वहीत लिहायच्या, समोर दुरुस्ती, खाली रेघ. दोन महिन्यांत त्यांची मराठी अशी झाली की तिला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

आणि त्या कमी बोलायला लागल्या. ते लगेच ध्यानात आलं नाही. आधी वाक्याच्या शेवटाकडे त्या धावत जायच्या. आता क्रियापदाआधी थांबायच्या, मनात चाचपायच्या, मग एक शब्द ठेवायच्या आणि आमच्याकडे बघायच्या. "बरोबर?" "बरोबर, बाई." गोदावरीसारखं आता काही विचारेनात. पन्ह्याचा विषय तर त्या काढायच्याच नाहीत. आम्ही मात्र खूश. मला तर वाटत होतं की मी माझं देणं फेडलं.

माझी पुण्याला बदली झाल्याचं कळलं त्याच्या आधीच्या रविवारची गोष्ट. पक्याच्या बाळाला दाढा येत होत्या, तो उशिरा येणार होता. वेळ जाईना. अभ्या म्हणाला, बाई, तुमच्या आईंची ती हावडा स्टेशनची गोष्ट सांगा ना. ती आम्ही आधी तीनदा ऐकली होती. तिन्ही वेळा शेवटच्या शब्दावर हसायचं म्हणून टपून बसलो होतो, त्यामुळे मधलं काही डोक्यात शिरलं नव्हतं.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. सावकाश, शब्द तपासत. सांगलीजवळच्या खेड्यातली मुलगी, लग्न होऊन महिना झालेला. नवरा कोलकात्याच्या गोदीत कारकून. दोन दिवस, दोन रात्री आगगाडीत बसून दोघं हावड्याला उतरले. नवरा म्हणाला, सामानाची पेटी सोडवून आणतो, इथून हलू नकोस. तो दीड तास आला नाही. फलाटावर हजारो माणसं, आणि एकाचंही बोलणं कळत नाही. पोटात काही नाही. मुलगी ट्रंकेवर बसून पदरात तोंड घालून रडत होती. शेजारी बोचकं घेऊन एक म्हातारी बंगालीण बसली होती. तिनं मातीच्या भांड्यातला चहा मुलीपुढे धरला. मुलीनं नको म्हणून मान हलवली. म्हातारीनं तिची हनुवटी धरून वर केली आणि म्हणाली, "खाओ मा, चा खाओ."

"आईला त्या शहरात कळलेला पहिला शब्द," बाई म्हणाल्या. "बाकी काही कळलं नाही. पण 'खा' कळलं. आपल्याकडे आपल्या माणसाला म्हणतात तसंच. आई म्हणायची, तेव्हा मला वाटलं, राहीन मी इथे."

तेवढ्यात पक्या आला. पडद्यावर चौथा माणूस उभा राहिला. सुरू करायला फक्त बटण दाबायचं होतं. कोणी दाबलं नाही.

गोष्टीचा शेवट मला पाठ होता. 'आणि आईनं तो चहा खाल्ला.' ते ऐकून आम्ही तीनदा चोरून हसलो होतो. आज पहिल्यांदा मला कळलं की बाईंची आई मरेपर्यंत चहा का खात होती, आणि तिची मुलगी का.

"आणि आईनं तो चहा," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

त्यांचे ओठ एका शब्दासाठी हलले, मग मिटले. दुसऱ्यासाठी हलले, पुन्हा मिटले. 'प्यायला' त्यांच्या तोंडून निघेना.

"घेतला," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, ठरल्याप्रमाणे विचारलं, "बरोबर?"

दोन महिन्यांत शंभर वेळा 'चूक' म्हणालो असेन. म्हणायला हवं होतं ते या एकाच ठिकाणी.

"बरोबर, बाई," मी म्हणालो.